एक सडा, एक किनारा, एक खाडी : रत्नागिरीत वर्षभर कसे फिरावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलीमुळे आपले कुटुंब पुण्याहून रत्नागिरीला आले आहे आणि निदान तीन वर्षे येथे राहणे होईल. बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांमुळे फार चालू न शकणारे सत्तरीतले वडील आहेत. रविवारची सकाळ घराबाहेर, झाडापाखरांत आणि समुद्रावर घालवण्याची इच्छा आहे, म्हणून कोणत्या महिन्यात कोठे जावे याची बारा महिन्यांची यादी आपण मागितली आहे.

तशी यादी करणे अवघड नाही, तरी मी ती देणार नाही. शाळेतल्या मुलांना आणि हौशी मोठ्या माणसांना निसर्ग दाखवायला घेऊन जाण्याचे काम मी सव्वीस वर्षे करीत आहे, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षे मी नेमक्या अशाच याद्यांवर घालवली. वर्षाला पंचवीस-तीस ठिकाणे होत असत. वर्षाअखेरीस मुलांना विचारले की त्यांना गाडीत कोण कोणाच्या शेजारी बसले होते आणि कोठल्या टपरीवरचा वडा चांगला होता, एवढे मात्र नीट आठवत असे. एका पावसाळ्यात माझी स्कूटर बंद पडली, दुरुस्तीला पैसे नव्हते, आणि जून ते ऑक्टोबर मला घरामागच्या एकाच सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पायी जावे लागले. कोकणाबद्दल मला आज जे काही कळते, त्याची सुरुवात त्या चार महिन्यांत झाली. म्हणून माझा सल्ला असा की घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरचा एक सडा, एक किनारा आणि एक खाडी निवडावी आणि वर्षभर फिरून फिरून तेथेच जावे. रत्नागिरीत किनारा आणि खाडी यांची सोय भाट्याला एकाच ठिकाणी होते, कारण काजळी नदी तेथेच समुद्राला मिळते. सड्यासाठी शहरालगतचे चंपक मैदान पुरेसे आहे; थोडे लांब जाण्याची तयारी असेल तर उक्षीचा सडा घ्यावा, तेथे हत्तीचे कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेले जुने चित्रही पाहता येते.

किनाऱ्यावर जाण्याची वेळ रविवारच्या सवडीने ठरवून चालत नाही, ती तिथीवरून ठरवावी लागते. ओहोटीला खडक उघडा पडतो आणि भरतीला त्याच जागी पाण्याखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे वेळ चुकली तर फेरी फुकट जाते. यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचे एक जुने गणित आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. आपल्या वडिलांच्या पिढीने शाळेत पाऊणकी घोकलेली असण्याची शक्यता आहे, तेव्हा हे काम त्यांच्याकडेच सोपवावे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यापासून सव्वासहा तास दूर, म्हणजे सकाळी आणि रात्री नवाच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे असते. दररोज भरती सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीची पाऊणकी म्हणजे याच सरकण्याचा हिशेब आहे. गणित ढोबळ आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरावी, आणि रत्नागिरीला भरती मुंबईच्या आधी लागते हेही लक्षात ठेवावे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. खडक पाहायचे असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतची सकाळ धरावी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरच्या पुढे चढते-उतरते. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतसे हे अंतर कमी होत जाते, म्हणून मुंबईच्या माणसाने केलेले ‘अर्धा किलोमीटर खडक उघडा पडला’ हे वर्णन ऐकून येथे तशी अपेक्षा ठेवू नये.

आता सड्याविषयी. याबाबत मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण कोकणात येणारा पाहुणा समुद्र पाहून परत जातो आणि सडा त्याच्या गाडीच्या काचेतून नुसताच मागे पळतो. जांभा दगड बेसॉल्टच्या कुजण्यातून तयार झालेला आहे. लक्षावधी पावसाळ्यांनी त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, म्हणून तो तांबडा आणि सच्छिद्र दिसतो. वर माती बोटभरही नसते आणि जी असते तिच्यात नत्र जवळजवळ नसते. मे महिन्यात दुपारी हा कातळ अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतका तापतो, आणि त्याच कातळावर ऑगस्टमध्ये घोट्याएवढे पाणी साचलेले असते. वर्षात इतकी टोके सोसणारी जागा कोकणात दुसरी नाही, आणि येथे जे उगवते ते या दोन्ही टोकांना पुरून उरणारे असते.

मी त्या स्कूटरच्या वर्षापासून सड्यावरचा एक मीटर लांब-रुंद चौकोन पाहत आलो आहे. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास, म्हणजे 7 जूनच्या आगेमागे, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते. ही कांदा असलेली, पांढऱ्या लांबट फुलांची वनस्पती कोकण आणि त्याच्या लगतच्या पट्ट्याबाहेर जगात कोठेही उगवत नाही. तिचा बहर लवकर सरतो. पावसाने चार दिवस घरात बसवले तर तो वर्षभरासाठी चुकतो. पाठोपाठ काळी मुसळीची पिवळी फुले जमिनीलगत दिसतात. जुलैत माझा चौकोन दिसायला कंटाळवाणा असतो : हिरवे गवत, साचलेले पाणी, शेवाळ. या महिन्यात मुलांना मी खाली बसवून पाण्यात पाहायला लावतो. कातळावरच्या डबक्यांत बेडकांच्या पिल्लांबरोबर कधीकधी नखाएवढे, कोळंबीसारखे, पाठीवर उलटे पोहणारे जीव दिसतात. डबके सुकले की ते मरतात, पण त्यांची अंडी धुळीत मिसळून आठ महिन्यांचे ऊन सोसतात आणि पुढच्या पावसात फुटतात. एकदा एका मुलीने मला विचारले होते की मग हे मासे आभाळातून पडले असे लोक म्हणतात ते यांच्यामुळेच का. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, पण प्रश्न चांगला होता.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चौकोनात काय काय असते हे मोजण्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागते. सीतेची आसवे ही जांभळट निळी, करंगळीच्या नखाहून लहान फुले गालिचासारखी पसरतात. दुरून सगळ्यांना ती सुंदर दिसतात. जवळून पाहिले तर ती शिकारी वनस्पती आहे. तिच्या चिखलातल्या धाग्यांना मोहरीहून लहान फुगे असतात, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाला टेकला की तो आत ओढला जातो. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती असेल तर तिच्या पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकांना चिकट थेंब दिसतील आणि त्यांत एखादे चिलट अडकलेले असेल. दगडात नत्र मिळत नाही म्हणून या वनस्पती ते किड्यांकडून घेतात. नऊ वर्षांच्या मुलीला एवढे सांगून हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग द्यावे आणि आपण बाजूला व्हावे. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, पिवळा कवला आणि एखादी आमरी त्याच दिवसांत असते. गौरी-गणपतीच्या सुमारास कडेच्या उतारांवर तेरडा फुलतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपल्याला ठाऊक असेलच, परंतु तेरड्याची गौर ज्या घरी येते त्या घरच्या माणसाबरोबर तेरडा आणायला एकदा जावे. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीसाठी रानातून कवंडळाची लालभडक फळे, शेरवड आणि असेच बरेच काही गोळा करतात, आणि कोणती वस्तू कोणत्या बांधावर मिळते हे तेथल्या मुलांना कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा चांगले ठाऊक असते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हे सगळे आश्चर्यकारक वेगाने संपते. दोन आठवड्यांत गवत सोनेरी होते, नंतर करडे, आणि पुढे कोणी वणवा लावला तर काळे. माझा पहिला चौकोन आता नाही. त्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली, आणि ठेकेदाराने मला अतिशय सभ्यपणे सांगितले की या पडीक जमिनीत एवढे पाहण्यासारखे काय आहे ते आपण दाखवा, मी तेवढा भाग सोडून देतो. तो मार्च महिना होता, दाखवण्यासारखे त्या दिवशी माझ्याजवळ काहीच नव्हते. सरकारदरबारीही सड्याची गणना ‘पडीक’ अशीच होत आली आहे. कातळशिल्पांमुळे हे थोडे बदलते आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी अशा काही ठिकाणांचा 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला आणि सड्याकडे पाहायला लोक थांबू लागले. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे; तो पाहायला जावे, परंतु चित्रांच्या रेषांवरून चालू नये.

सड्यावर तीन गोष्टींचे भय बाळगावे. पहिली घसरण : शेवाळलेला कातळ बर्फासारखा निसरडा होतो, म्हणून खोल खाचांचे रबरी तळवे असलेले बूट हवेत आणि वडिलांना पावसाळ्यात सड्याच्या आत नेऊ नये, रस्त्याच्या कडेलाच त्यांना पुष्कळ पाहता येते. दुसरी वीज : मेअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागले की उघड्या सड्यावर आपणच सर्वांत उंच वस्तू असतो, तेव्हा गाडीत येऊन बसावे. तिसरे फुरसे. रत्नागिरी जिल्हा या सापासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. हातभरही लांब नसलेला, मातीच्या रंगाचा हा साप दगडाखाली असतो, म्हणून कोणताही दगड उलटू नये आणि भेगेत बोटे घालू नयेत. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे यांत वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. तांबडा विंचू चावला तरी असेच थेट रुग्णालय गाठावे. त्याच्या दंशाने पूर्वी कोकणात लहान मुले मोठ्या प्रमाणावर दगावत; महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने ते मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले आणि चित्र बदलले.

धो धो पावसात बाहेर पडणे शक्य नसते तेव्हा घराचा पडवीचा कोपराही पुरतो. मेअखेरीस पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची ठसठशीत शीळ ऐकू आली तर तो नवरंग पक्षी; तो विणीसाठी येतो आणि पालापाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो. मुठीत मावेल एवढा, जांभळ्या-नारिंगी रंगांचा हा पक्षी रात्री प्रवास करतो आणि काचेवर किंवा भिंतीवर आपटून अंगणात पडलेला सापडतो. दर वर्षी मला असे दोन-चार फोन येतात, आणि दर वेळी पाणी पाजू का असे विचारले जाते. पाजू नये. बुटाच्या खोक्याला भोके पाडून त्यात त्याला ठेवावे, झाकण लावून तासभर अंधार आणि शांतता द्यावी, आणि मग अंगणातच, झाडाजवळ, खोके उघडून दूर व्हावे. बहुतेक वेळा तो उडून जातो. त्याहूनही मोठी पावसाची झड लागली तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय आहे. तेथे देवमाशाचा सांगाडा आहे आणि मुलीचे दोन तास आनंदात जातील.

पावसाळ्यात समुद्राच्या पाण्यात पाऊल घालू नये, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. आरे-वारे, गणपतीपुळे या पट्ट्यात बुडून माणसे गेल्याच्या बातम्या येतात आणि त्यांतली बरीचशी फक्त पाय ओले करायला उतरलेली असतात. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि उतार एकदम वाढतो. पण पाहायला मात्र जावे, वरच्या कोरड्या भागातून. माझ्या नेहमीच्या किनाऱ्यावर होडी बांधण्यासाठी कोणी तरी रोवलेला एक जुना लाकडी खुंट आहे. फेब्रुवारीत तो वीतभर वर दिसतो आणि मुले त्यावर बसतात. ऑगस्टमध्ये तो माझ्या छातीपर्यंत येतो. खुंट जागचा हललेला नसतो. पावसाळी लाटांनी तेवढी वाळू उपसून समोर पाण्याखाली नेऊन टाकलेली असते आणि दिवाळीनंतरच्या शांत लाटा ती थोडी थोडी परत आणतात. किनारा बांधणे म्हणजे काय आणि किनाऱ्याला घर अगदी खेटून बांधले तर काय होते, हे मला त्या खुंटाने शिकवले. वाळूच्या वरच्या कडेला गुलाबी-जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. समुद्राने यापुढे येऊ नये ही मर्यादा, असे नावाचे स्पष्टीकरण लोक देतात, आणि वेलीच्या मुळांनी धरलेली वाळू पाहिली की ते पटते. पावसाळ्यात लाटांबरोबर निळ्या फुग्यासारखे, लांब दोऱ्यांचे जेलीमाशासारखे प्राणी वाहून येतात. दिसायला खेळण्यासारखे असले तरी वाळूवर पडून राहिलेले दोरेही डंख करतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

यांत्रिक मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो, तरी पाणी गढूळच असते. खऱ्या अर्थाने किनारा पाहण्याचे दिवस ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतात. त्या सुमारास भाट्याच्या वाळूवर कुरव हे समुद्रपक्षी उतरू लागतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करून येथे येतो, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे डोके अजिबात तपकिरी नसते. डोळ्यामागे शाईचा एक पुसट ठिपका तेवढा असतो. त्यामुळे पुस्तकातले चित्र घेऊन गेलेला नवशिका हमखास गोंधळतो. दर पंधरा दिवसांनी तोच थवा पाहत राहिल्यास फेब्रुवारीपासून ठिपका पसरताना दिसतो, आणि मार्चमध्ये पूर्ण तपकिरी टोपी चढलेली असते. टोपी चढली की काही दिवसांत थवा निघून जातो. एखादा पक्षी सहा महिने नियमाने पाहण्याची सवय लावायची असेल तर माझी पहिली पसंती या कुरवाला आहे. त्यांच्याबरोबर चिखल्या, तुतारी, वाकड्या लांब चोचीचा कोरल हेही असतात. थव्यामागे धावून तो उडवण्याची हौस मुलांना असते आणि त्याचे व्हिडिओ काढण्याची मोठ्यांना. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यांना आपल्यापासून पळण्यात खर्च करावी लागते, एवढे समजावले की मुले ऐकतात. मोठ्यांचा अनुभव तितका चांगला नाही.

डिसेंबर-जानेवारीतल्या उधाणाच्या ओहोटीला खडकाळ किनारा पाहावा. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी पोहोचावे, पाण्याच्या मागे मागे खाली उतरावे, आणि पाणी पूर्ण उतरले की लगेच परत फिरावे. वरच्या पट्ट्यात कालवे आणि खडकाला चिकटलेल्या छोट्या शंकूंसारखे बार्नेकल, मध्ये खेकडे आणि शंख, खाली डबक्यांत समुद्रफूल, स्पंज, लपलेला एखादा माकूळ, अशी ही उतरंड असते. कोणता जीव किती वेळ पाण्याबाहेर राहू शकतो, यावर त्याची पायरी ठरते. सुंदर नक्षीचा, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये. त्यातल्या काही जाती विषारी काटा मारतात. रिकामे शंखही मी गोळा करू देत नाही, कारण त्यांत साधू खेकडे घरे करतात. मुलांना ते फार जाचक वाटते. त्यांना पाच मिनिटे एका शंखासमोर बसवावे, तो चालू लागला की वाद संपतो. अमावास्येच्या आसपास संध्याकाळी उशिरापर्यंत थांबण्याची तयारी असेल तर या महिन्यांत कधीकधी लाटा फुटताना निळसर चमकतात. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा हा उजेड असतो आणि तो अमुक दिवशी दिसेल असे कोणीही सांगू शकत नाही.

कासवांविषयी आपण वेगळे विचारले आहे. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावी 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांबरोबर संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते किनारपट्टीवर पसरले. आपल्याला वेळासपर्यंत जाण्याची गरज नाही, गावखडीचा किनारा जवळ आहे. घरट्यातले तापमान जास्त असेल तर माद्या अधिक, कमी असेल तर नर अधिक निपजतात. गुहागरला फेब्रुवारी 2023 मध्ये उपग्रह यंत्र बसवलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती, हे मुलीला नकाशावर दाखवावे. मात्र एक सांगून ठेवतो. मी एकदा चाळीस मुले घेऊन गेलो. मुक्कामाची सोय करणाऱ्याने ‘उद्या नक्की पिल्ले आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले होते, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून एकही पिल्लू वर आले नाही. मुले रडली, पालक चिडले. दोष मुख्यतः माझाच होता, कारण अंड्याच्या आतल्या जिवाच्या वतीने मी शब्द दिला होता. पिल्लू दिसले तर त्याला उचलून पाण्यात सोडण्याचा मोह टाळावा, फ्लॅश बंद ठेवावा, आणि दोरीच्या मागे उभे राहावे.

वडिलांसाठी खाडी सर्वांत चांगली. घडीची खुर्ची, आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि चहाचा थर्मास घेऊन ओहोटी लागल्यानंतर तासाभराने खाडीकाठी बसावे. आधी चिखल रिकामा दिसतो. दहा मिनिटे हालचाल न करता बसले की बिळांतून खेकडे वर येतात. नराचा एक आकडा अंगाएवढा मोठा असतो आणि तो तो सारखा वर-खाली हलवीत असतो, जणू दुरून कोणाला बोलावतो आहे. निवटे नावाचे छोटे मासे चिखलावरून कल्ल्यांत पाणी धरून उड्या मारतात. त्यांच्या मागे कांदळ, तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या झाडांचे बन असते. पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि सकाळपर्यंत पुंकेसर गळून पाण्यावर तरंगतात. कांदळाच्या झाडावर बी झाडावरच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लोंबते, मग खाली पडून चिखलात उभे रुतते किंवा भरतीबरोबर वाहत जाते. मी माझ्या वडिलांना त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत असेच खाडीवर नेत असे. त्यांना पक्ष्यांची नावे कधी लक्षात राहिली नाहीत, पण कोणता बगळा कोणत्या खांबावर बसतो हे ते मला सांगत.

उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर राहू नये. पारा फार चढलेला नसला तरी दमट हवेत घाम सुकत नाही आणि माणूस थकतो. पहाटे मतलई वारा असतो, अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, त्यामुळे पहाटेचा समुद्र सपाट आणि स्वच्छ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा वेंगुर्ल्याकडे जाऊन सुरंगी पाहावी. फांद्यांच्या अंगावरच पिवळ्या कळ्यांचे घोस लागलेले असतात, त्या उमलण्याआधी काढाव्या लागतात म्हणून माणसे दिवस उजाडताच झाडावर चढलेली असतात, आणि वाटेवरच वासाने झाड कळते. एप्रिल-मेमध्ये ओढ्यांच्या काठाने ताम्हण जांभळा फुलतो. करवंदे, जांभळे, रातांबे यांच्याविषयी मी सांगण्याची गरज नाही, शेजारी सांगतीलच.

आपला प्रश्न मेच्या मध्यावर आला आहे, त्यामुळे सुरुवात सड्यापासून आणि पाऊस पडण्याआधीच करावी. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सड्यावर जावे आणि मुलीला एक मीटरचा चौकोन निवडू द्यावा, एखादी भेग आणि थोडासा खळगा असलेला. त्यात आज काही नाही असे तिला वाटेल. वहीत तारीख घालून तसेच लिहू द्यावे. एकाच बाजूने उभे राहून एक छायाचित्र घ्यावे आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच बाजूने घ्यावे. जमीन कोणाच्या मालकीची आहे ते विचारून परवानगी घ्यावी, कोकणात ती सहसा नाकारली जात नाही, फक्त वाटेकरी पुष्कळ असतात. कोपरे रंगवू नयेत, खिळे ठोकू नयेत; चार दगड ठेवून भोवती सुंभ ओढावा. नायलॉनची दोरी घेऊ नये, ती चरायला येणाऱ्या गुरांच्या पायांत अडकते. सुंभ पावसाळ्याअखेरीस कुजतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो एकदा बदलावा लागेल.